जर्मन पंडित राजाला काय बोलला?

हिरासिंग गुरुजींना अर्धवट गोष्ट म्हणजे दातात अडकलेली तुरीची साल. ती निघेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. आणि नेमकी जर्मन पंडिताची गोष्टच त्यांच्या वाट्याला अर्धी आली.

एक्याण्णव साली हिंगोलीत शिक्षकांचं शिबिर भरलं. परभणीचे एक प्राध्यापक बोलत होते. मागच्या बाकांवरची मंडळी जेवणाला न्याय देत घोरत होती. एकटे गुरुजी कान टवकारून बसलेले. प्राध्यापक म्हणाले, जर्मनीत जुन्या काळी खोगीर शिवणाऱ्या बापाचा एक मुलगा होता. ग्रीक आणि लॅटिनचा मोठा पंडित झाला. शाळा हाती आल्यावर त्यानं छडी शेगडीत घातली आणि सांगितलं, पोरांनी भाषा आधी कानानं ऐकावी, तोंडानं गावी; व्याकरण मागाहून. पोरं खूश, शहाणी माणसं खवळली. तक्रार थेट राजाकडं गेली. राजानं पंडिताला दरबारात उभं केलं आणि विचारलं...

"अरे, माझी साडेपाचची परभणी!" म्हणत प्राध्यापकांनी पिशवी उचलली.

गुरुजी एसटीमागं धावले. "सर, तो राजाला काय बोलला?"

"फार छान बोलला!" खिडकीतून उत्तर आलं, आणि धूळ.

गुरुजी सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. तिथल्याच आश्रमशाळेत ते संस्कृत शिकवत. घरी पोरं गोरमाटी बोलत, शाळेत मराठीशी झटत, आणि त्यावर हे संस्कृत. वर्गात ती बैलबाजारात उभ्या केलेल्या गोऱ्ह्यांसारखी बसत आणि संधी मिळताच पळत. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं, "गुरुजी, पोरं टिकली न्हाईत तर तुमचं संस्कृत बंद."

गुरुजींना पंडित आठवला. आपल्या पोरांच्या तोंडात काय आहे? लेंगी! होळीत तांडा डफावर फेर धरून गातो ती. मग काय, 'देवः देवौ देवाः' लेंगीच्या चालीत बसलं. पोरं फेर धरून सातही विभक्त्या नाचू लागली. पळालेली परत आली. गुरुजींना तर आपण तांड्यातले पहिल्या नंबरचे लेंगीकार आहोत असं वाटू लागलं. आरशात बघताना ते मिशीला पीळही देऊ लागले.

पण लेंगी होळीचीच. एरवी कुणी गात नाही. आणि ही वाजत होती भर श्रावणात. तांड्याच्या नायकानं, वसरामनं, लिंबाखाली बैठक बोलावली. नायक बोलेल तो निकाल. त्यानं नाही म्हटलं की एकही पोरगं त्या वर्गात बसणार नव्हतं.

"काल डफ ऐकला," तांड्यातला रामप्रसाद म्हणाला, "अन् माझा बाप होळीची लाकडं गोळा करून राहिला. परसातलं दार काढून नेलं त्यानं!"

"चांगलं दार होतं," बाप शांतपणे म्हणाला.

"हसू नका," वसराम म्हणाला. "हिरासिंग, बापजाद्याची रीत काहून मोडली?"

गुरुजी उभे राहिले. आता पंडित राजाला बोलला तेच बोलायचं होतं. आणि नेमकं तेच एसटीतून परभणीला गेलेलं!

तेवढ्यात नायकाची आई पुढं सरकली. चतुराबाई. तिच्या लेंगीला आसपासचे तांडे उभे राहत. सगळे तिला याडी, म्हणजे आई म्हणत.

"हिरा, म्हणून दाखव."

गुरुजींनी छाती फुगवून गायलं. मिशीसुद्धा थरथरली.

"हे काय रे?" याडी म्हणाली. "दुसऱ्या ओळीत ठेका पडला, तिसरीत तूच पडला. ह्याला लेंगी म्हणतेत व्हय? म्हैस चिखलातून निघून राहिली जशी." ती लेकाकडं वळली. "वसराम, ही लेंगीच न्हाई. मग रीत कशी मोडली?"

बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

गुरुजी पेटले. ठेका चोख होता, पोरं साक्षीला होती! "याडी, ही लेंगी बराबर..." एवढं तोंडातून निघालं आणि त्यांनी बघितलं, याडी त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होती. मागं पोरं श्वास रोखून उभी होती.

लेंगीकार राहावा की वर्ग?

"...बराबर न्हाई," गुरुजी म्हणाले. "मला लेंगी येत न्हाई, याडी."

"मग गाऊ दे त्याला," वसराम हसू दाबत म्हणाला. "फक्त म्हाताऱ्याला सांगा, दार परत लावा."

वर्ग टिकला. गुरुजींच्या लेंगीला मात्र तांडा कायमचा 'म्हैस' म्हणू लागला. होळीत कुणी त्यांना डफाजवळ फिरकू देईना. पुढं याच वर्गातली रुपा संस्कृत घेऊन एम. ए. झाली आणि पेढे द्यायला आली, तेव्हा तिनंही आधी विचारलं, "गुरुजी, म्हैस कशी हाय?"

दोन हजार चार साली नरसीला चहाच्या टपरीवर गुरुजींना ते प्राध्यापक दिसले. निवृत्त, हातात तीच पिशवी. गुरुजींनी नमस्कारही विसरून विचारलं, "सर, तो जर्मन राजाला काय बोलला?"

प्राध्यापकांना आठवायला अर्धा कप लागला. मग ते ओशाळले. "खरं सांगू? पुस्तक वाचनालयाचं होतं. दरबारापर्यंत वाचलं आणि परत करायची मुदत संपली. मलाही इतकी वर्षं चुटपुट आहे हो."

गुरुजी बाक ओढून जवळ बसले.

"पंडित काहीच बोलला न्हाई, सर. बोलली ती राजाची म्हातारी आई."

"आई? काय म्हणाली?"

मागं परभणीची गाडी हॉर्न देऊन राहिली होती. प्राध्यापकांनी पिशवी खाली ठेवली.