व्याह्यांनी खाल्लेलं डाळिंब

माझी वहिनी जपानची. दादा नोकरीसाठी तिकडं गेला आणि तिकडचाच झाला. मागच्या हिवाळ्यात ती वडिलांना घेऊन सोलापूरला आली, आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्याच दिवशी व्याह्यांना कुंभारीच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत नेलं.

पाहुणे अबोल. बागेत शिरल्यावर मात्र झाडाझाडाजवळ थांबून खोडावरून हात फिरवू लागले. आप्पांनी एक पिकलेलं डाळिंब तोडून त्यांना दिलं. त्यांनी त्याचा वास घेतला आणि मुलीला हळूच काहीतरी विचारलं.

वहिनी मराठी छान शिकलीय. म्हणाली, "बाबा विचारतात, हे असंच खाल्लं तर चालतं का? तपासावं नाही लागत?"

आप्पांना प्रश्नच कळला नाही. "फवारणी तर कवाच थांबवलीया," ते म्हणाले.

मग वहिनीनं सांगितलं. काही वर्षांपूर्वी तिकडं समुद्रकाठच्या अणुभट्टीत अपघात झाला आणि वाऱ्यानं आलेले किरणोत्सारी कण लांबवरच्या त्यांच्या बागेवरही बसले. टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ सोलून, वाळवून विकायचा त्यांचा पिढ्यांचा धंदा. पण वाळवलं की पाणी उडून जातं, विष तेवढंच राहतं, आणि फळात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून वाळवायलाच बंदी आली. त्या वर्षी झाडं नुसती लगडली होती. सगळी फळं तोडून फेकावी लागली. पुढं बर्फात उभं राहून तिच्या वडिलांनी एकेक खोड पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतलं, वरची साल खरवडून काढली.

"धुताना ते झाडांची माफी मागायचे," वहिनी म्हणाली.

आप्पांनी विचारलं, "जगली का झाडं?"

"बरीचशी. आता फळं तपासून विकतात. पण न तपासलेलं काही बाबा तेव्हापासून तोंडात घालत नाहीत."

आप्पांनी व्याह्यांच्या हातातलं डाळिंब घेऊन फोडलं, चार दाणे आधी स्वतः खाल्ले आणि उरलेलं त्यांच्यापुढं धरलं. "खावा, पाव्हणं. मी खाल्लंय की."

वहिनीला ते जपानीत सांगावं लागलं नाही. पाहुणे बांधावर बसले आणि अख्खं डाळिंब त्यांनी सावकाश संपवलं. हनुवटीवर ओघळलेला रस आप्पांनी आपल्या टॉवेलनं पुसला. पाहुण्यांचे डोळे भरून आले होते. आप्पांनी टॉवेल त्यांच्याच हातात ठेवला.

परवा दादाचा फोन आला तेव्हा आप्पांनी सगळ्यात आधी विचारलं, "पाव्हण्यांची झाडं कशी हायत?"

दादाच्या शेजारून वहिनी म्हणाली, "फळ लई धरलंय, आप्पा. फांद्या वाकल्यात."

"मग टेकू द्या म्हणावं. जाड बघून द्या."