सटवाजीची काठी

साळवेकाकांच्या दारावर मॉर्मन पंथाची प्रचारक पोरं आली की काका आधी त्यांना लिंबू सरबत पाजायचे, मग चिवडा खायला घालायचे, आणि मग भिंतीवरची काठी काढायचे. चहा त्या पोरांच्या धर्मात चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पाहुणचारात कसूर नको, भांडण त्यानंतर, असा त्यांचा शिरस्ता.

मी संघमित्रा, मूळची नागपूरची. लोकांचे आखडलेले हातपाय हलते करणं हा माझा धंदा, म्हणजे मी फिजिओथेरपिस्ट. इकडे परदेशात, फ्रिस्को शहरात, मी काका-काकूंच्या शेजारी राहते. काकूंचा डबा परत करायला गेले तेव्हा पहिल्यांदा तो तमाशा पाहिला. सोफ्यावर पांढऱ्या शर्टातली, छातीवर काळी पाटी लावलेली दोन कोवळी पोरं, आणि समोर काका. नगर जिल्ह्यातला हाडापेराने दणकट माणूस, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये लोखंड कापलेले हात, आणि त्या हातात बाभळीची जाडजूड काठी.

वाद यहेज्केल संदेष्ट्यावरून चालला होता. देव त्याला म्हणतो, दोन काठ्या घे, एकीवर यहूदाचं नाव लिही, दुसरीवर योसेफाचं, आणि हातात धरून त्यांची एक कर. मॉर्मन म्हणतात, या काठ्या म्हणजे दोन धर्मग्रंथ. एक बायबल, दुसरा आमचा. काकाही ख्रिस्तीच, पण त्यांच्या चर्चची माणसं म्हणतात, साफ चूक. चार ओळी खाली देवाने स्वतःच अर्थ सांगितलाय, की फुटलेली दोन राज्यं मी पुन्हा एक करीन.

"धिस इज अ स्टिक!" काका गरजले. "हिला बुक म्हणतोस? रीड ऑन, सन! पुढचं वाच!" आणि काठी टीपॉयवर अशी आदळली की सरबताचा ग्लास उडून फुटला. एका पोराच्या हाताला काच लागली. काकूंनी निमूटपणे पट्टी आणली, कारण पट्ट्यांचा डबा त्या घरात कायम हाताशीच असे. "पुढचं वाच" हे काकांचं पालुपद होतं. कुणी अर्धं वाक्य उचलून मिरवायला लागला की यांच्या कपाळाची शीर तटतटायची.

काका मला मित्रे म्हणायचे. "मित्रे, तुम्हा बौद्धांचं बरं. देवच काढून टाकलात, भांडायला कुणी उरलंच नाही."

"काका, एकदा आमच्या मीटिंगला या," मी म्हणायची, "मग बोला."

ती काठी त्यांच्या आज्याची, सटवाजी साळव्याची. गोष्ट काकांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा, जे एरवी कधी व्हायचं नाही. सटवाजीने नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला. पाण्यातून वर आला तेव्हा काठावर गावातली माणसं काठ्या घेऊन उभी होती. म्हारड्या, नदी बाटवलीस, असं म्हणत त्यांनी ओल्या कपड्यांवरच त्याला झोडपला. गुडघ्यावर घाव घातले, हाड कातडीतून बाहेर आलं. म्हण, चूक झाली म्हण. सटवाजी म्हणाला नाही. दिवसभर वाळूत रक्त गाळत पडला, पण म्हणाला नाही. पाय वाकडाच जुळला आणि जन्मभर ही काठी हातात आली. लहानपणी काका त्याच्या बाजूने चालायचे, काठीचं खालचं लोखंडी कडं दगडावर वाजायचं.

धर्म बदलला म्हणून मार खाल्लेला माणूस आमच्याही घरात होता. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

काका आपल्या चर्चमध्ये रविवारचा वर्ग घ्यायचे. मॉर्मनांना वचनाने उत्तर कसं द्यावं, हा विषय. गोरी मंडळी त्यांच्यावर खूष असत. एकदा त्यांच्यातला एक वडीलधारा मॉर्मनांच्या धार्मिक अंतर्वस्त्रांवर पाचकळ विनोद करायला लागला. वर्ग खिदळला. काकांनी जाऊन त्याची टाय धरली आणि त्याला भिंतीवर दाबला. "चड्डीवर काय हसतोस? वचनावर बोल! माझ्या आज्याच्या लंगोटीवरही अशीच माणसं हसली होती." टाय सुटेपर्यंत त्या माणसाचा चेहरा जांभळा झाला होता. वर्ग बंद पडला. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काकू घरी येऊन म्हणाल्या, "यांचा हात एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल बघ."

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीने मॉर्मन पोरावर प्रेम केलं. रूथ इथेच जन्मलेली, बापासारखीच हट्टी. टायलरशी लग्न करण्याआधी तिने त्यांचा धर्मही घेतला. लग्न त्यांच्या टेंपलमध्ये लागलं आणि तिथे परधर्मीयाला आत पाऊल ठेवता येत नाही, आईबापालासुद्धा नाही. सूट घातलेले काका आणि पैठणी नेसलेल्या काकू पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहिले. काकांनी स्टिअरिंगवर अशी बुक्की मारली की हॉर्नच अडकला. नवरानवरी बाहेर आली ती त्या भोंग्यात.

तरी काकांनी ते गिळलं. "हे मेलेल्यांनाही आपल्यात घेतात. पोरीला निदान जिवंतपणी विचारलं, मित्रे. ती हो म्हणाली. आता काय करणार?" नातं तुटू नये म्हणून हा माणूस किती दात आवळून बसला होता, ते मी पाहत होते.

मग तो थँक्सगिव्हिंगचा सण आला. काकूंनी टर्कीला नगरी मसाला चोळला होता. मीही होते. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा टायलर लाजत म्हणाला, की आम्ही बाबांसाठी एक भेट आणलीय. बिचाऱ्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. मॉर्मनांमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणूस पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो, म्हणजे ज्यांना खरा बाप्तिस्मा मिळाला नाही त्यांनाही तो मिळावा. रूथने नाव दिलं होतं आणि टायलर पाण्यात उतरला होता.

"कुणाच्या नावाने?" काकांनी अगदी हळू विचारलं.

"सॅटवाजी सॅल्वे," टायलर म्हणाला.

काकूंच्या हातातला डाव भांड्यात पडला. काका उठले. पौलाच्या पत्रात मेलेल्यांसाठीच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख आहे, आणि आजोबांना आता खरा बाप्तिस्मा मिळाला, असं टायलर सांगायला लागला. "काही लोक तसं करत होते एवढंच तो म्हणतो!" काका ओरडले. "तुम्ही करा असं कुठे म्हणतो? पुढचं वाच! आणि खरा म्हणजे? माझ्या आज्याचा खोटा होता?"

"बाबा, ही कॅन से नो," टायलर घाबरून म्हणाला. "तिकडे, मेल्यावरच्या जगात, त्यांना चॉइस असतो. आपण फक्त विचारतो."

"तो एकदा हो म्हणाला! पाय देऊन हो म्हणाला! आता पुन्हा विचारता त्याला?"

काठी भिंतीवरून कधी निघाली ते मला दिसलंच नाही. पहिला घाव टेबलावर बसला, टर्कीचं ताट आडवं झालं, काचा माझ्या मांडीवर आल्या. दुसरा टायलरच्या डोक्याच्या रोखाने आला. त्याने हात वर केला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि त्याची किंकाळी मला आजही ऐकू येते. तो खाली पडला तरी काकांची काठी पुन्हा वर गेली होती. डोळ्यांत ओळखच नव्हती. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली, त्यांनी मला कपाटावर फेकून दिलं.

रूथ मध्ये उभी राहिली. ओरडली नाही. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, टायलर सटवाजी आजोबांसाठी पाण्यात गेला. पाण्यातून वर आलेल्या माणसाला कोण मारतो? यू टोल्ड मी दॅट स्टोरी. त्या गोष्टीत काठी कोणाच्या हातात होती?"

काका थांबले. हातातल्या काठीकडे बघत राहिले. मग काठी गळून पडली आणि ते तिथेच, सांडलेल्या रश्श्यात, मटकन बसले. काठी मोडली नव्हती.

टायलरने हॉस्पिटलात सांगितलं, मी पडलो. डॉक्टरने एक्स-रे पाहिला आणि पुन्हा टायलरकडे पाहिलं. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट जातं. डोकं वाचवायला हात वर करणाऱ्याचं करंगळीच्या बाजूचं लांब हाड मधोमध मोडतं. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही ओळखेल. मला तर काकांच्या दोन मुस्काटात ठेवून द्याव्याशा वाटत होत्या. रूथने बापाला एवढंच कळवलं, माझ्या दाराशी येऊ नका. फोन बंद केला. ज्या नात्यासाठी काकांनी दात आवळले होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने फोडलं.

हाड जुळलं पण टायलरचा पंजा पुरता वळेना. तो माझ्याच क्लिनिकमध्ये यायला लागला. काका बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून बसायचे. तो आला-गेला की काचेतून बघायचे आणि निघून जायचे. एक दिवस दार उघडून ते आत आले, आणि हातात ती काठी.

टायलरचा दुखरा हात आपोआप डोक्यावर गेला.

काकांनी ते पाहिलं. तसा रडलेला पुरुष मी दुसरा पाहिला नाही. क्लिनिकमधली सगळी माणसं बघत होती, आणि हा धिप्पाड म्हातारा हुंदके देत उभा. "इथल्या प्लास्टिकच्या कांडीत जोर नाही," असं काहीतरी पुटपुटले. पंजा वळवायच्या व्यायामाला आम्ही रोग्याच्या हातात एक काठी देतो. दोन्ही टोकं धरून सावकाश फिरवायची. मी टायलरकडे पाहिलं. त्याची नजर काठीच्या लोखंडी कड्यावर होती. मग त्याने हात खाली घेतला आणि एक टोक धरलं. दुसरं काकांनी धरलं.

"हळू, काका," मी दरडावलं. "दुखवलंत तर गाठ माझ्याशी आहे."

काही आठवड्यांनी टायलर घाम पुसत म्हणाला, "वन स्टिक, टू हँड्स. यहेज्केल, बाबा?"

"गप रे. म्हणून काठीचं पुस्तक होत नाही. पुढचं वाच," काका म्हणाले, पण टोक सोडलं नाही.

टायलरला घेऊन येणारी रूथ आधी गाडीतच बसून राहायची. मग दारापर्यंत यायला लागली. काकांना घरी बोलावलं ते पुढच्या उन्हाळ्यात.

काका हृदयविकाराने गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी टायलरला जवळ बोलावलं. "माझ्या नावाने पाण्यात उतरलास तर वर येऊन दुसरा हात मोडीन." टायलर म्हणाला, "येस, सर."

वर्ष झालं तेव्हा काकूंनी जेवायला बोलावलं. मॉर्मनांमध्ये वर्ष उलटलं की मेलेल्याचं नाव बाप्तिस्म्यासाठी देता येतं. हात धुताना रूथला रडू फुटलं. तिच्या श्रद्धेप्रमाणे ते झालं नाही तर पुढच्या जगात बाप तिला परत मिळणार नाही. "मला बाबा पाहिजेत," ती टायलरला म्हणाली. "एकदा विचारू ना त्यांना. प्लीज."

टायलरचीही श्रद्धा तीच. त्याचेही डोळे भरून आले होते.

"त्यांना विचारलं होतं, रूथ. जिवंतपणी. नाही म्हणाले," तो म्हणाला. "पुन्हा नाही विचारायचं."

आणि त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. उजवा. तो पुरता वळत नाही, म्हणून तळहात टेकला नाही, नुसती करंगळीची कड टेकली.