मिठाच्या काचा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गेल्या वर्षी मॅडम वारल्या. आता तरी खरं लिहून ठेवतो.

‘आधी पाणी काढू,’ हे त्यांचं पालुपद. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नगरच्या आमच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. मी रसायनशास्त्राचा विभागप्रमुख. अवरक्त किरणांचं यंत्र माझ्या ताब्यात होतं. त्यात वायू भरायच्या नळीला दोन्ही टोकांना मिठाच्या काचा असत. साध्या काचेतून ते किरण जात नाहीत, आणि मीठ ओलाव्याने धुरकटतं. म्हणून आधी पाणी काढायचं. मुलांच्या पाल्हाळीक उत्तरांवरही त्या हाच शेरा मारत.

त्यांचा विषय तपकिरी बटू. म्हणजे तारा होता होता राहिलेले, हळूहळू निवत जाणारे गोळे. पुरेसे निवले की त्यांच्या वातावरणात मिथेन दिसू लागतो. पण तापलेला मिथेन नेमके कोणते किरण किती गिळतो, याची माहिती अपुरी होती. मॅडमना ते मोजायचं होतं. आमच्या यंत्रावर एक स्वच्छ आलेख निघाला, तर पुण्याच्या प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र त्यांना मिळणार होतं.

मिथेन त्या मिरजगावहून आणत. भावाच्या गोबरगॅसमधून, फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून, एसटीने.

‘मॅडम, त्या चांदणीवर म्हशी हायत व्हय?’ आमचे शिपाईमामा नाक दाबून विचारत.

‘म्हशी न्हाईत मामा, ग्यास मातर त्योच हाय!’

मग तो गॅस धुवायचा, वाळवायचा, तापवायचा. आलेख बिघडला की कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, थांबलेलंही नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशेजारी आपण उगाच आळशी ठरतो.

श्रावणातल्या रिपरिपीत मी माझं काम उरकलं, काचा टेबलावर उघड्या ठेवल्या आणि घरी गेलो. सकाळी त्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, ‘शेणाचा गॅस भरल्यावर दुसरं काय होणार?’

‘मी वाळवूनच भरते, सर,’ मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं.

काचा घासून परत पारदर्शक करून देते, असंही त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी ऐकलं नाही. यंत्र त्यांना बंद झालं, आणि पुणंही राहिलं. मग त्या रविवारी कॉलेजच्या संगणकावर बसू लागल्या, दुसऱ्यांच्या मोजण्यांवरून गणित मांडू लागल्या. डॉक्टरेट मिळाली, पण फार उशिरा.

पुढे भिंगारला तपकिरी बटूंवर त्यांचं व्याख्यान झालं. मी पुढच्याच रांगेत बसलो. सुरुवातीला त्यांनी माझ्याकडे हात केला. ‘मिठाच्या काचा कशा हाताळायच्या, हे मला सरांनी शिकवलं.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या, तेव्हा मी उठलो. ‘मॅडम, त्या काचा मी...’ एवढं तोंडापर्यंत आलं होतं. सगळं सभागृह बघत होतं.

‘मॅडम,’ मी विचारलं, ‘त्या गोळ्यांवर मिथेननंतर अमोनिया कधी दिसायला लागेल?’

त्यांचा चेहरा उजळला. ‘अजून थंड झाल्यावर, सर,’ म्हणाल्या आणि मनापासून समजावत राहिल्या. मी मान डोलावली आणि खाली बसलो.