पट्टा काढलेली मशीन

मी चौथी शिकलेला माणूस. भूत, देवचार यातलं काहीच कधी मानलं नाही. गावी लोक मानायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर हसलोय. आजही मानत नाही. तरी हे लिहितोय... ज्याला खोटं वाटेल त्यानं समोर येऊन म्हणावं.

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहतो. मुलगा विजू भांडुपच्या एका कारखान्यात टर्नर, आणि टेरिटोरियल आर्मीतही. म्हणजे रविवारी परेड, वर्षातून एकदा कॅम्प, बाकी दिवस लेथ मशीन. सरकारला गरज पडली की बोलावणार. चाळीत चेष्टा व्हायची. शेजारचे अण्णा म्हणायचे, "काय रे रविवारच्या शिपाया, सोमवारी लढाई लागली तर?"

"सोमवारी तुम्हाला पाठवू ना, अण्णा!" विजू म्हणायचा.

सत्याऐंशी साली खरंच बोलावणं आलं. श्रीलंकेत. पुढे लढायला मोठ्या पलटणी. मागचे रस्ते, पूल, दारूगोळ्याच्या गाड्या राखायला ही कामगार माणसं. पेपरात पलटणींची नावं यायची, यांची नाही. निघताना विजूला लढाईची नाही, नोकरीची काळजी. "बाबा, माझी मशीन दुसऱ्याला देतील. जाऊन बघत जा."

"देतात कसे? नोकरी राखायचा कायदा आहे!" मी म्हटलं.

म्हणून अधूनमधून कारखान्यात जायचो. फोरमन ओळखीचा, आत सोडायचा. दिवाळीनंतर एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी गेलो. बघतो तर — विजू मशीनवर! पाठ माझ्याकडे, मान जराशी कललेली. मी ओरडलो, "विज्या!"

न वळता त्यानं डावा पंजा वर केला. थांबा. टर्नर लोकांची रीतच आहे ती — मशीनवर कट चालू असताना हाक मारायची नाही, लक्ष हललं तर बोटं जातात. मी थांबलो. मनात म्हटलं, सुट्टीवर आलाय, घराआधी काम बघतोय... माझाच मुलगा!

भोंगा झाला. हात धुवायला निघालेली माणसं मधून गेली, आणि मशीनपाशी कोणीच नाही.

"विजू कुठं गेला?" मी फोरमनला विचारलं.

"काका, बरं आहे ना? ही मशीन बंद आहे. मोटरचा पट्टाच काढलाय, बघा ना."

पट्टा खरंच नव्हता. मी चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात, धरलेल्या लोखंडाला हात लावला. बोट भाजलं. फोरमननं लावला अन् झटकला.

घरी आलो तर दारात चपलाच चपला. तार आली होती. रस्त्यात सुरुंग, गाडी उडाली.

शरीर आलं नाही. राख आली. ते युद्ध होतं असंसुद्धा कोणी म्हणत नाही, शांतीसाठी गेले होते म्हणे. मशीनवर आता दुसरा माणूस आहे. कायदा मेलेल्याला लागत नाही.

पट्ट्याशिवाय मशीन चालली कशी, मला माहीत नाही. फोरमनलाही नाही. आमच्या हिला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. ती एवढंच विचारते, "येवचाच होता, तर घराक कित्याक नाय इलो?"



दुपारचं दार ती लावत नाही. मीही लाव म्हणत नाही.