सुईखालचं बोट

माझा नवरा सर्जन आहे आणि मी भूल देते. श्रीगोंद्यात आमचं लहानसं हॉस्पिटल आहे. लग्नानंतरची बहुतेक वर्षं मी नवऱ्याला पेशंटच्या उशाशी बसून पाहिलंय. त्याचं तोंड मास्कमध्ये, त्यामुळे बघायचे ते हातच. उजवा हात देखणा चालायचा. डाव्या हाताच्या तर्जनीवर मात्र माझा दात होता.

पोट शिवताना ती तर्जनी तो जखमेत घालायचा, ज्या थराला टाके घालायचे त्याच्या खाली. वरून सुई आत आली की तिचं टोक बोटाला कळतं, मग ते वळवून बाहेर काढायचं. त्याखाली आतडं असतं. त्याला सुई लागली तर पेशंटच्या जिवावर बेतायचं, म्हणून मध्ये आपलं बोट. हे त्याला त्याच्या सरांनी शिकवलं होतं आणि सरांना त्यांच्या सरांनी. होस्टेलवर सर्जरी शिकणारी ही पोरं टोचलेलं बोट एकमेकांना दाखवत फिरायची. थर चिमट्याने उचलून धरला तर बोट आत घालावंच लागत नाही, हे तेव्हाही पुस्तकात छापलेलं होतं. पण सरांपुढे पुस्तकाला कोण विचारतो!

मी काय काय नाही केलं. एकावर एक दोन हातमोजे घाल म्हटलं, तर म्हणाला, "दोन घातले की बोट बहिरं होतं." पुण्याहून बोथट टोकाच्या सुया मागवल्या. पोटाच्या आतल्या थराला त्या छान चालतात आणि बोटात सहसा घुसत नाहीत. त्याने एक हातात धरून पाहिली आणि सिस्टरला विचारलं, "ही सुई आहे की पहार?" हातातून हातात सुई देताना लागते, म्हणून मध्ये स्टीलचा ट्रे ठेवायला लावला. सुई ट्रेमध्ये ठेवायची, दुसऱ्याने तिथून उचलायची. त्यावर, "मॅडम आज मला जेवायला वाढतायत वाटतं," म्हणाला आणि सगळं थिएटर हसलं. हसू मलाही आलं. घरी गेल्यावर मी जेवले नाही.

एकदा उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला माणूस आला. पोटात सगळा चेंदामेंदा होता. टाके घालताना नवऱ्याने नुसतं 'स्स' केलं. मोज्याच्या आत त्याच्या बोटाभोवती लाल पसरत गेलेलं मला उशाकडून दिसलं.

"सर, मोजा बदला."

"मॅडम, तुम्ही बीपी बघा."

बीपी खरंच बघण्यासारखं होतं. तो माणूस वाचला, आणि बरा होऊन आमच्या दारात कांद्याची गोणी टाकून गेला. त्या कांद्याची भाजी मी रागारागाने चिरली आणि रागारागाने वाढली. तुझ्या बोटाचं काही झालं तर मी काय करू, एवढंच मला म्हणायचं होतं. ते काही तोंडातून निघालं नाही, भलतंसलतंच बोलले.

गेल्या हिवाळ्यात त्याला स्वतःलाच हर्निया झाला. नगरला मित्राकडे ऑपरेशन करायचं ठरलं, त्याआधीच्या तपासण्यांसाठी रक्त आमच्याच लॅबमध्ये दिलं. दुपारी लॅबवाला माझ्या केबिनमध्ये आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"मॅडम, सरांचं रगत परत घ्यावं लागंल."

"का?"

"दोन डाव लावून बघितलं. दोन्ही डाव तेच आलं."

हिपॅटायटिस बी. रक्तातून जाणारी, नवऱ्याकडून बायकोला आणि आईकडून बाळालाही लागणारी कावीळ. डोळे पिवळे न होता माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं राहते आणि आतून लिव्हर खाते. तिच्यावर लस आहे. मी ती वेळेवर पूर्ण घेतली होती, म्हणून मी वाचले. त्याने शिकत असताना एक डोस घेतला आणि पुढचे राहूनच गेले. हजारांना सुया टोचणाऱ्या माणसाला स्वतःच्या दंडासाठी वेळ मिळाला नाही. मला त्याची कीव आली आणि त्याला धरून हलवावंसंही वाटलं.

पुण्याच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. लिव्हर कडक व्हायला लागलंय. रक्तात विषाणू भरपूर आहेत. गोळ्या बहुधा जन्मभर. विषाणू खाली येईपर्यंत ऑपरेशन बंद. हे अंगात कधी शिरलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

परतताना गाडीत मी एकेक पेशंट आठवत होते. तो दारूने पोट फुगलेला असेल का? की ती बाळंतीण? कुणीतरी एक जण मला सापडायला हवा होता, ज्याच्यावर मला मनसोक्त चिडता आलं असतं. तो गाडी चालवत होता. समोर बघतच म्हणाला, "कुणाकडून आलं ते सोड. माझ्याकडून कुणाला गेलं, ते बघावं लागेल."

सुई बोटात शिरते तेव्हा बोटाचं रक्तही त्या उघड्या पोटात उतरतं, सुईबरोबर पुढच्या टाक्यात जातं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं मी भांडले ती त्याच्यासाठी. टेबलावर झोपलेल्या माणसाचा विचार त्या भांडणात कधी आलाच नव्हता.

घरी आल्यावर मी पेशंटना कळवायला विरोध केला. हॉस्पिटल बंद पडेल म्हटलं, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही म्हटलं.

"मग पडू दे बंद," तो म्हणाला.

कोणाकोणाच्या वेळी सुई लागली होती, हे त्याला आठवत नव्हतं. त्याच्या लेखी ती रोजचीच गोष्ट होती. मला मात्र आठवत होतं, कारण दर वेळी मी त्याच्याशी भांडले होते. भांडण आठवलं की पेशंट आठवायचा. मी सांगत गेले, तो नंबर काढत गेला.

पहिला फोन त्याने साखर कारखान्यावर कामाला असलेल्या एका तरुणाला लावला. त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा सगळं पोट उघडावं लागलं होतं. नवऱ्याने स्पीकर चालू केला. एक रक्ताची तपासणी राहिलीय, तेवढी करून जा, पैसे नाहीत, आलास की मी स्वतः सगळं समजावून सांगतो, असं तो म्हणाला.

"सायेब, तुमी सोता फोन केला व्हय?" पलीकडे आनंदच झाला. "आमाला वाटलं, टाकं काढलं की डाक्टर लोक इसरत्यात. लई बरं वाटलं बगा. उद्याच येतो की." मग म्हणाला, "सायेब, बायकोलाबी आनू का? तिला सातवा म्हैना लागलाय. फुकाटच हाय तर तिचंबी रगत तपासून घ्या."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"आण," तो म्हणाला. "तिला आणच. दोघंही या."

फोन बंद झाला. मग त्याने मोबाईल माझ्यापुढे सरकवला.

"पुढचा तू लाव," तो म्हणाला.