इंद्रभानची वीटभट्टी

किन्हीराजा गावच्या इंद्रभानला जगातलं सगळं कळत असे. फक्त घरातलं तेवढं कळत नसे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या, तेव्हा त्यानं स्वतःच्या वावरात विहीर खणायला घेतली. बायको लिलाबाई दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणत होती. तिची मान पार वाकून गेली होती. या विहिरीला पाणी लागतं की नाही, एवढाच तिच्या जिवाला घोर होता.

मुरूम संपला, काळा पाषाण लागला. सुरुंग लावून तो फोडता फोडता नाकी नऊ आले. मग एका दुपारी पाषाणाखाली लालभडक थर निघाला, भाजलेल्या विटेसारखा. झालं, इंद्रभानचं डोकं चाललं.

"भट्टी हाये! जुन्या राजाची वीटभट्टी! किन्हीराजा नाव काय उगाच पडलं? भट्टी तिथं वाडा, वाडा तिथं मोहरांचा हंडा!"

"मले हंडा नको, घागरभर पानी पाह्यजे. खाली खंदा."

"तुले काय समजते व?"

त्याच आठवड्यात पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब गावात आले. नवऱ्याचं खूळ निघेल या आशेनं लिलाबाईनं त्यांना विहिरीवर आणलं. साहेबांनी बिचाऱ्यांनी घसा कोरडा केला. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर आला, पसरला, थिजून काळा दगड झाला. ऊनपावसानं लाखो वर्षांत तो झिजला, कुजला, त्याची माती झाली. मग पुन्हा रस आला आणि त्या मातीवर पसरला.

"खालची माती भाजली, लाल झाली. दगड काही कायम दगड राहत नाही."

"भाजली म्हन्ता न, साहेब?"

"हो, भाजली."

"मंग मी काय म्हनून राह्यलो? भाजते ते भट्टीतच!"

साहेबांनी जीपची वाट धरली. दगडाची माती कशी होते ते त्यांना ठाऊक होतं. इंद्रभानचं काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

इंद्रभान खाली खणायचं सोडून आडवा सुटला, लाल थर धरून, घुशीसारखा. लिलाबाईनं दोन कोसांवरून आणलेलं पाणी घटाघटा प्यायचं आणि हंडा शोधायला पुन्हा उतरायचं, हा त्याचा उद्योग. तिचा नुसता संताप होई, आणि का होऊ नये?

एका सकाळी पहारीचा घाव बसला आणि लाल थरावरच्या फटीतून पाण्याची धार सुटली. दगडाला पाझर फुटला, इंद्रभानला नाही. तो चिंब भिजून वर आला आणि डोकं धरून बसला.

"काय निघालं?" लिलाबाई धावत आली.

"काय निघन? नशीबच फुटकं. पानी निघालं."

लिलाबाईनं वाकून खाली पाहिलं. तळाशी पाणी चमकत होतं. ती ओक्साबोक्शी रडू लागली.

इंद्रभानला तिची दया आली. त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको व. हे बुजवून टाकतो, अन् उद्या दुसऱ्या अंगानं खंदतो."