सगळ्यांची जन्मतारीख एक जून

खून, दरोडे, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या असं बरंच काही नोकरीत पाहिलं आणि त्यातलं निम्मं आता विसरूनही गेलो. विसरलो नाही ती आंबेगाव तालुक्यातली एक किरकोळ वाटणारी तक्रार. त्या तपासात एका निरपराध बाईला मी जवळजवळ अटक केली होती.

दोन हजारच्या दशकाची अखेर होती. मी एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एके सकाळी एक निवृत्त शिक्षक हातात पासबुक घेऊन आले. त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली तरी बसेनात.

"माझ्या कार्डावर कुणीतरी इंटरनेटवरून खरेदी केली आहे, साहेब. आणि मला स्वतःला ते कार्ड साधा रेडिओ घेऊ देत नाही!"

ऑनलाइन खरेदीसाठी बँकांनी तेव्हा जादा तपासणी नुकतीच सुरू केली होती. कार्डाचा नंबर भरला की बँकेचं वेगळं पान उघडायचं. ते आधी जन्मतारीख विचारायचं, ती जुळली की नवा पासवर्ड करायला लावायचं, आणि मग खरेदी. गुरुजी कळंबच्या सायबर कॅफेत तीनदा बसले. तिन्ही वेळा त्या पानाने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि शेवटी कार्डच एका दिवसापुरतं बंद केलं.

"अख्खा जन्म मी मुलांची हजेरी घेतली. आता हे पान मला विचारतंय, तुम्ही कोण?" गुरुजींनी पासबुक टेबलावर आपटलं.

खरं सांगायचं तर चोरीपेक्षा मला त्या पानाचंच कुतूहल जास्त वाटलं. मालकाला अडवतं आणि चोराला आत घेतं, असं कसलं हे कुलूप? मी बँकेच्या पुण्यातल्या कचेरीत फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने ठामपणे सांगितलं, "खरेदी करणाऱ्याने जन्मतारीख बरोबर दिली आणि तिथेच पासवर्ड तयार केला. ही माहिती ग्राहकालाच असते. त्यांनी स्वतः खरेदी केली असेल, नाहीतर माहिती कुणाला तरी दिली असेल."

गुरुजींनी कार्ड घराबाहेर काढलं होतं ते फक्त त्या कॅफेत. त्यात कॅफेसमोरच्या चहावाल्याने आमच्या शिपायाला खबर दिली, "त्या ताईच्या दुकानात एका दुपारी दार लोटून कायतरी चाललं व्हतं. आत कोण व्हतं, ते नाय दिसलं." झालं, आमचा संशय पक्का.

कॅफे चालवणारी ताई तिशीची होती. नवऱ्याने टाकलेली. दोन संगणक आणि एक झेरॉक्स मशीन, यावर ती आणि तिची आई जगत होत्या. महिला शिपाई बरोबर घेऊन मी तिच्या दुकानातच चौकशीला गेलो. जीप दारात उभी राहिली आणि पाच मिनिटांत बाहेर गर्दी जमली.

"खरेदी इथूनच झाली?"

"व्हय. माझ्याच मशीनवर."

"कुणी केली?"

"ते नाय सांगायची मी. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"साहेब, ते सांगितलं तर शब्द कसला ऱ्हायला?"

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. ही बाई विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत होती. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मला तो बेरकीपणा वाटला. पंचांसमक्ष संगणक सील करून आम्ही जीपमध्ये टाकला. संध्याकाळपर्यंत गाळेमालकाने तिला आठ दिवसांत दुकान खाली करायला सांगितल्याचं कानावर आलं. दुसऱ्या दिवशी तिला अटक करायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी गुरुजी पुरवणी जबाबावर सही करायला आले. हवालदार वय लिहून घेत होता. मी सहज विचारलं, "गुरुजी, त्या पानावर तुम्ही तारीख कोणती भरली होती?"

"खरी. माझा जन्म रामनवमीचा. पंचांगावरून तारीख काढून ठेवली आहे मी."

"आणि बँकेत कोणती आहे?"

"तिथे शाळेच्या दाखल्यावरची. एक जून. पण ती काही खरी नव्हे."

लिहिता लिहिता हवालदार थांबला. "साहेब, माझी बी एक जूनच हाय." ठाणे अंमलदार हसला, कारण त्याचीही तीच. आणि माझीही.

आमच्या पिढीला यात नवल नाही. पोराला शाळेत घालायला आणलं की आईबापांना तारीख सांगता यायची नाही. मास्तर अंदाजाने वर्ष धरून एक जून लिहून टाकत. गुरुजी म्हणाले, "माझ्या या हाताने निम्मा तालुका मी एक जूनला जन्माला घातलाय, साहेब." हे ते काहीशा अभिमानानेच म्हणाले. पण स्वतःवर पाळी आली तेव्हा त्यांना खोटी तारीख भरवेना, आणि खऱ्या तारखेला ते पान ओळखत नव्हतं.

मला आधी हसूच आलं. पुण्याच्या साहेबाला जे गुपित वाटत होतं, ते आमच्याकडे शाळेत गेलेल्या कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं, आणि वर्ष गुरुजींच्या निवृत्तीवरून मोजलं असतं. मग त्या एका तारखेच्या जोरावर मी त्या ताईला आत कसा टाकणार होतो? गुपित कुणाला ठाऊक होतं, हे शोधणं मी सोडून दिलं. वस्तू कुठे गेली, हे विचारायला हवं होतं, आणि तेच आम्ही विचारलं नव्हतं.

कुरिअरची गाडी वाड्यावस्त्यांवर जात नसे. आजूबाजूच्या गावांची पुडकी ती हमरस्त्यावरच्या एका कापडदुकानात टाकून जाई. दुकान एका जैन शेठजींचं. सकाळी अटकेऐवजी मी तिथे गेलो.

"गुरुजींच्या नावाचं ना? ते काकू घेऊन गेल्या," शेठजी म्हणाले. "इथंच उघडून पाहिलं त्यांनी. कानाचं मशीन होतं. म्हणाल्या, आमच्या यांना सांगू नका."

"मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं कुठं?"

काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. आम्ही घरी गेलो तेव्हा त्या ओट्यावर शेंगा फोडत होत्या आणि गुरुजी शेजारीच बसले होते. मी प्रश्न केला, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. महिला शिपायाने जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, तेव्हा त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, मशीन काढून कानामागे लावलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"दोन वर्सं झाली, मला धड ऐकू येत न्हाई. तुमी कायबी बोलला की मी हं म्हनते. तुमाला कदी कळलं न्हाई. मंग म्या बी सांगितलं न्हाई. एका दुपारी तुमचं कार्ड घिऊन ताईकडं गेले, कुनाला सांगू नगं म्हनलं. तिनं तारीख इचारली, म्या म्हनलं शाळंतली टाक."

मग माझ्याकडे पाहून त्यांनी घाबरून विचारलं, "तिला लई तरास झाला का वो? मला कायच म्हाईत न्हाई."

गुरुजी आठ दिवस त्याच घरात चोराच्या नावाने ओरडत होते आणि काकू प्रत्येक वेळी हं म्हणत होत्या. गुरुजी एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, तिला सगळं पटतंय." त्या माणसाची मला फार दया आली.

गैरसमजातून झालेली तक्रार म्हणून आम्ही न्यायालयात 'क' समरी, म्हणजे गुन्हा घडलाच नसल्याचा अहवाल, पाठवली आणि मुद्देमाल परत करायचा आदेश घेतला. असा माल मालकाने ठाण्यात येऊन सही करून न्यायचा असतो. मी मात्र संगणक जीपमध्ये घातला, भर बाजाराच्या वेळी कळंबला गेलो आणि तो स्वतः उचलून तिच्या टेबलावर ठेवला. गुरुजी आणि काकूही सोबत होते. गुरुजींनी सगळ्यांदेखत हात जोडले. चहावाला आणि गाळेमालक यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, "या बाईंचा काही गुन्हा नाही. चूक आमची झाली." गाळेमालकाने गाळा खाली करायचं पुन्हा काढलं नाही.

ताईने वायरी जोडल्या, संगणक सुरू होतो का ते पाहिलं आणि दाराकडे बघून शांतपणे म्हणाली, "साहेब, त्या दिवशी बघायला याच्या दुप्पट मानसं व्हती."

ते खरंच होतं. मशीन परत केल्याची पावती मी घेतली होती, पण जे तिचं गेलं त्यातलं किती परत आलं हे मला आजतागायत माहीत नाही. त्यानंतर जिथे जिथे बदली झाली तिथे मी चौकशीला जाताना जीप दोन गल्ल्या अलीकडे थांबवायचो आणि त्या घरापर्यंत पायी जायचो.